‘पास आउट’ झालात म्हणजे नक्की काय झालं?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की इंग्रजीतलं कुठलं फ्रेजल व्हर्ब (म्हणजे ‘आउट’, ‘ऑफ’ असा छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ देणारं क्रियापद) तुम्हाला सगळ्यात जास्त अडवतं. ‘लुक आफ्टर’, ‘पुट ऑफ’, ‘गेट ओव्हर’ असली नेहमीची मंडळी येतील असं वाटलं होतं. आली पण, मात्र सगळ्यात जास्त पत्रं ‘पास आउट’बद्दल आहेत, आणि प्रत्येकाची अडचण वेगळी आहे. म्हणून या वेळचं सदर फक्त ‘पास आउट’वर. पत्रं थोडी छोटी केली आहेत, मजकूर तुमचाच आहे.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी सांगलीकडची. बी.एस्सी. नर्सिंग तिकडेच केलं, काही वर्षं आयसीयूत काम केलं आणि आता इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात लागलेय. ओईटी (डॉक्टर-नर्सेससाठीची इंग्रजीची परीक्षा) चांगल्या ग्रेडने निघाली म्हणून इंग्रजीची भीती अशी नव्हती. पण परवा ब्रेकमध्ये वॉर्ड सिस्टरने विचारलं की तू नर्स कधीपासून, तर मी म्हटलं ‘आय पास्ड आउट इन २०१८’ आणि ती हातातला कप खाली ठेवून ‘ओह नो, व्हॉट हॅपन्ड?’ म्हणाली. मला आधी कळेचना हिला काय झालं. आता हँडओव्हरला, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती देता-घेताना, ‘पास’ शब्द आला की पोटात गोळा येतो, कारण इथे पेशंट पण सारखं ‘पास्ड आउट’ म्हणतात, मग ‘पास्ड वॉटर’, आणि एका आजोबांबद्दल तर नुसतंच ‘ही पास्ड लास्ट नाइट’. एकदा सगळं नीट सांगाल का? – एक नर्स, सध्या इंग्लंड

उत्तर : ताई, आधी तुमच्या रोजच्या कामाचं सांगते. तिकडे नर्स, डॉक्टर, फिजिओ ही मंडळी स्वतःबद्दल बोलताना ‘क्वालिफाय’ म्हणतात. ‘आय क्वालिफाइड इन २०१८’, झालं. नुकताच कोर्स संपवून आलेली मुलगी असेल तर ती ‘न्यूली क्वालिफाइड नर्स’. कुठे शिकलीस असं कुणी विचारलं तर ‘आय ट्रेन्ड इन इंडिया’ किंवा ‘आय डिड माय ट्रेनिंग इन सांगली’. डिग्रीच सांगायची असेल तर ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०१८’ पण चालतं, पण वॉर्डातल्या गप्पांमध्ये ‘क्वालिफाइड’ जास्त ऐकू येईल.

आता ‘पास आउट’. तिकडच्या साध्या बोलण्यात याचा अर्थ एकच, शुद्ध हरपणं. कारण काहीही असो, ऊन लागलं, उपाशी होता, रक्त बघितलं, दुखणं सहन झालं नाही, दारू जास्त झाली, साखर खाली गेली, सगळ्याला ‘पास्ड आउट’ चालतं. म्हणजे सिस्टरच्या कानावर पडलं ते असं की ही मुलगी २०१८ साली बेशुद्ध पडली होती, मग बिचारी काळजीने विचारणारच.

आपल्याकडे गरगरणं वेगळं, डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं, चक्कर येऊन पडणं वेगळं आणि बेशुद्ध होणं वेगळं. इंग्रजीतही हा फरक आहे आणि पेशंट नक्की काय म्हणतोय ते टिपणं तुमच्या कामात फार महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. ‘आय फेल्ट डिझी’ म्हणजे गरगरलं. ‘आय फेल्ट फेंट’ म्हणजे अंधारी आली, आता पडते की काय असं झालं, पण शुद्ध गेली नाही. ‘आय निअर्ली पास्ड आउट’ म्हणजे तेच, फक्त अगदी काठावर, आणि यातला ‘निअर्ली’ घाईत ऐकायचा राहिला की नोंदच चुकीची होते. ‘आय फेंटेड’ आणि ‘आय पास्ड आउट’ या दोन्हींत शुद्ध गेलेली असते. ‘फेंट’ बहुतेक वेळा थोडा वेळ, रक्तदाब एकदम उतरल्यामुळे येणाऱ्या चक्करेसाठी, आणि ‘पास आउट’ त्याच्यापेक्षा सैल, कशानेही आणि कितीही वेळ. ‘ब्लॅक आउट’ म्हणणारा माणूस कधी शुद्ध गेली असं सांगत असतो तर कधी मधलं काहीच आठवत नाही असं, त्यामुळे तिथे उलट प्रश्न विचारायलाच पाहिजे. ‘कोलॅप्स’मध्ये माणूस कोसळला एवढंच कळतं, शुद्धीवर होता का नव्हता ते कळत नाही. म्हणून मुलगी म्हणाली ‘डॅड कोलॅप्स्ड इन द किचन’ तर तुमचा पुढचा प्रश्न ‘डिड ही पास आउट?’ आणि लगेच त्याच्या पुढचा ‘डिड ही हिट हिज हेड?’ शुद्धीवर येण्याला तिकडे ‘कम राउंड’ म्हणतात, ‘कम टू’ पण म्हणतात.

लिहिताना मात्र पेशंटचे शब्द आणि तुमचे शब्द वेगळे ठेवा. पेशंट ‘आय पास्ड आउट’ म्हणाला असेल तर ते अवतरणात जसंच्या तसं. तुमचं स्वतःचं वाक्य ‘लॉस्ट कॉन्शसनेस फॉर अबाउट थर्टी सेकंड्स, विटनेस्ड बाय डॉटर’ असं, म्हणजे किती वेळ आणि कुणी पाहिलं ते आलं पाहिजे. तुमच्याकडे हँडओव्हर एसबार पद्धतीने देत असतील, सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन, तर हे वाक्य पहिल्या भागातच टाका, डॉक्टरला तेच आधी हवं असतं.

बाकीचे ‘पास’ तुम्हाला मराठीतून माहीतच आहेत, फक्त इंग्रजी ऐकायची सवय नाही. ‘पास वॉटर’ लघवी करणं, वयस्कर पेशंट हमखास असंच म्हणतात. ‘पास विंड’ गॅस सुटणं, पोटाच्या ऑपरेशननंतर ‘हॅव यू पास्ड विंड येट?’ हा प्रश्न आतडी कामाला लागली का हे बघायला विचारतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ‘पास अ स्टोन’ म्हणजे खडा पडणं. आणि ‘पास्ड अवे’, ‘पास्ड ऑन’ किंवा त्या आजोबांबद्दल ऐकलंत तसं नुसतं ‘पास्ड’ म्हणजे वारले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, नातेवाइकांना मृत्यूची बातमी देताना आडवळणाचे शब्द न वापरता ‘डाइड’ असंच म्हणावं असं तिकडच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात. ऐकायला कठोर वाटतं, पण हादरलेल्या माणसाला ‘पास्ड’ म्हटलं तर कुठे हलवलं का काय असं वाटू शकतं. म्हणून ‘पास आउट’ आणि ‘पास अवे’ यांची अदलाबदल फोनवर चुकूनही होता कामा नये, बाकी कुठे गडबड झाली तरी हसून निभावता येईल, इथे नाही.

प्रश्न : माझा मुलगा एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) आहे. यंदा त्याची पासिंग आउट परेड, आम्ही सगळं घर खडकवासल्याला जाणार आहोत. गल्लीतल्या पोरांनी हौसेनं फ्लेक्स करायला घेतलाय आणि त्यावर इंग्रजीत ‘पासिंग आउट’ असं टाकलंय. पुतण्या न्यू जर्सीला असतो, त्याला फोटो पाठवला तर तो म्हणतो काका हे चुकीचं आहे, लोक हसतील, ‘ग्रॅज्युएशन’ लिहा. प्रेसवाला थांबलाय. काय करू? – एक वडील, सोलापूर

उत्तर : दादा, सगळ्यात आधी मनापासून अभिनंदन, तुमचं आणि वहिनींचं पण. फ्लेक्स आहे तसा छापा. पुतण्याचं अमेरिकेपुरतं बरोबर आहे, पण या ठिकाणी ‘पासिंग आउट’ हाच खरा शब्द आहे, निमंत्रण पत्रिकेवरही तोच असेल.

लष्करी प्रशिक्षण पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणं याला ब्रिटिश इंग्रजीत ‘पास आउट’ म्हणतात आणि हा अर्थ चांगला जुना आहे. ब्रिटिश लष्कराच्या सँडहर्स्टच्या अकादमीतून अधिकारी ‘पास आउट’ होतात, ब्रिटनमध्ये नवीन भरतीच्या पोलिसांची आणि अग्निशमन दलाच्या जवानांचीही ‘पासिंग आउट परेड’ असते, आणि ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत हा अर्थ बेशुद्ध होण्याच्या अर्थाबरोबरच दिलेला सापडतो. आपल्या सैन्याने ही परंपरा नावासकट चालू ठेवली. ब्रिटनमध्ये हा अर्थ गणवेशातल्या लोकांपुरता राहिला, आपल्याकडे मात्र तो शाळा-कॉलेजात सगळीकडे पसरला आणि खरा घोळ तिथे आहे, तुमच्या फ्लेक्सवर नाही.

‘ग्रॅज्युएशन’ लिहिलंत तर उलट अर्थ बदलेल. एनडीएत दोन वेगळे कार्यक्रम असतात. परेडच्या आदल्या दिवशी पदवीदान होतं, तिथे तीन वर्षांच्या अभ्यासाची डिग्री मिळते आणि ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची असते. ते झालं ‘ग्रॅज्युएशन’. दुसऱ्या दिवशी सकाळी खेत्रपाल परेड ग्राउंडवर जे होतं ते ‘पासिंग आउट’, ज्याला आपल्या पेपरांत ‘दीक्षान्त संचलन’ म्हणतात. (१९७१च्या युद्धात वयाच्या एकविसाव्या वर्षी शहीद झालेले परमवीर चक्र विजेते अरुण खेत्रपाल, त्यांच्या नावाचं मैदान. जन्म पुण्यातला आणि ते स्वतः एनडीएचेच.) ३० मे २०२५ला याच मैदानावरून पहिल्यांदा मुली पास आउट झाल्या, १७ जणी, १४८व्या कोर्सच्या. त्या दिवशी कुणी ‘सेव्हन्टीन विमेन ग्रॅज्युएटेड’ असं म्हटलं असतं तर चूक नसतं, पण त्या मैदानावर पाऊल टाकत बाहेर पडण्याचा जो मान आहे तो त्या शब्दात येत नाही. ‘पास्ड आउट’मध्ये येतो.

अजून एक, नातेवाईक विचारतील म्हणून सांगून ठेवते. एनडीएतून पास आउट झाला म्हणजे मुलगा लगेच अधिकारी झाला असं नाही. पुढे आर्मीवाले डेहराडूनला, नेव्हीवाले एझिमलाला, एअर फोर्सवाले डुंडीगलला जातात आणि तिकडचं ट्रेनिंग संपल्यावर ‘कमिशन’ मिळतं. म्हणजे इंग्रजीत ‘ही पास्ड आउट ऑफ एनडीए’ हे आत्ता म्हणायचं आणि ‘ही वॉज कमिशन्ड’ हे तिकडचं झाल्यावर. ‘पास आउट ऑफ’ असं ‘ऑफ’ लावून म्हणण्याची पद्धत जुनी आहे, आपल्याकडे ‘फ्रॉम’ जास्त बोलतात, तेही आता सगळ्यांना कळतं.

पुतण्याला एक किस्सा जरूर सांगा. १० जून २०२३ला लंडनमध्ये राजाच्या वाढदिवसाच्या संचलनाची तालीम होती, प्रिन्स विल्यम पाहणी करत होते, तीस अंशाच्या आसपास ऊन आणि सैनिकांच्या अंगावर लोकरीचे लाल डगले, डोक्यावर अस्वलाच्या केसांच्या उंच टोप्या. निदान तीन सैनिक जागच्या जागी चक्कर येऊन पडले. खूप वेळ न हलता उभं राहिलं की पायातलं रक्त वर ढकलायला स्नायूंची हालचाल होत नाही, उन्हानं रक्तवाहिन्या सैल पडतात, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस खाली. म्हणजे परेडवर ‘पास आउट’ दोन्ही अर्थांनी होता येतं, आणि इंग्रजी बोलणारा माणूस बरोबर ओळखतो कुठला अर्थ आहे, कारण एका वाक्यात ‘एनडीए’ असतं आणि दुसऱ्यात ‘हीट’. तुमच्या मुलाला मात्र सकाळी भरपेट नाश्ता करून आणि पाणी पिऊन उभं राहा म्हणावं, उस्ताद लोक सांगतीलच.

प्रश्न : मॅम, मी बी.ई. मेकॅनिकल. फ्रेशर्सच्या सगळ्या जाहिरातींत ‘२०२५ पासआउट्स ओन्ली’ असं लिहिलेलं असतं, म्हणून मी पण रेझ्युमेत ‘आय अ‍ॅम २०२५ पासआउट’ असंच लिहिलं. आता एका जर्मन कंपनीला अप्लाय करतोय तर सिनियर म्हणाला ते काढ. मग जाहिरातवाले चुकीचे आहेत का? आणि दहावी-बारावीचं काय लिहू, ‘ग्रॅज्युएट’ तर नाही ना म्हणता येणार? – एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सिनियरचं ऐक, पण जाहिरातवाल्यांना चुकीचं म्हणू नकोस. भारतात ‘२०२५ पासआउट’ म्हणजे काय ते एचआरपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना कळतं, एका शब्दात काम होतं, म्हणून ते टिकलंय. पुण्या-बंगळुरूच्या कंपनीच्या फॉर्मवर लिहिलंस तरी बिघडत नाही. जर्मनीतला माणूस मात्र इंग्रजी ब्रिटिश नाहीतर अमेरिकन पुस्तकातून शिकलेला असणार, त्याला ‘पासआउट’ हे नाम म्हणून माहीतच नसेल.

रेझ्युमेत खरं तर वाक्यच लागत नाही. डिग्री, शाखा, कॉलेज, वर्ष एवढं एका ओळीत लिही, ‘बी.ई., मेकॅनिकल इंजिनिअरिंग, २०२५’, संपलं. कव्हर लेटरमध्ये वाक्य हवं तर ‘आय ग्रॅज्युएटेड इन मेकॅनिकल इंजिनिअरिंग इन २०२५’. कॉलेजचं नाव घालायचं तर ‘फ्रॉम’ लाव, ‘ग्रॅज्युएटेड फ्रॉम’ अमुक. ‘फ्रॉम’ गाळून ‘ग्रॅज्युएटेड कॉलेज’ असं काही अमेरिकन बोलतात, तू लिहू नकोस. रिझल्ट अजून लागायचा असेल तर ‘आय विल ग्रॅज्युएट इन जुलै’ किंवा ‘फायनल-इयर स्टुडंट’.

आणि हो, ‘आय पास्ड आउट इन कॉलेज’ हे तर अजिबात नको. ‘फ्रॉम’च्या जागी ‘इन’ आला की वाचणाऱ्याला हमखास वाटेल की हा पोरगा कॉलेजात असताना पिऊन आडवा झाला होता. अमेरिकेत तरुण पोरं ‘पास्ड आउट ऑन द सोफा’ असं दमून मेल्यासारखं झोपण्यालाही म्हणतात. सारांश काय, इंटरव्ह्यूत नकोच.

दहावी-बारावीचा तुझा प्रश्न चांगला आहे. अमेरिकेत शाळेतूनही ‘ग्रॅज्युएट’ होतात, ‘हाय स्कूल ग्रॅज्युएट’. ब्रिटनमध्ये ‘ग्रॅज्युएट’ म्हणजे मुख्यतः विद्यापीठाची पदवी घेतलेला, शाळा संपली की ‘आय लेफ्ट स्कूल इन २०१९’. हे ऐकून आपल्याला वाटतं की याने शिक्षण अर्धवट सोडलं, पण तसं नाही, अर्धवट सोडणं म्हणजे ‘ड्रॉप आउट’. आपल्याकडे शाळेतून जो एल.सी. मिळतो तो ‘लिव्हिंग सर्टिफिकेट’च ना, शाळा सोडल्याचा दाखला, त्यातला ‘लीव्ह’ हाच. तू सरळ ‘आय कम्प्लिटेड माय एचएससी इन २०२१’ लिही, दोन्हीकडे चालेल.

जाता जाता अजून दोन. ‘आय पास्ड इन द एक्झाम’ नाही, ‘आय पास्ड द एक्झाम’, मध्ये ‘इन’ नको. आणि परीक्षा आपण ‘देतो’ म्हणून ‘आय गेव्ह द एक्झाम’ असं तोंडात येतं, ते बाहेरच्या माणसाला उलटं ऐकू येतं, परीक्षा ‘गिव्ह’ करतो तो शिक्षक. तू ती ‘टेक’ करतोस, ब्रिटिश असशील तर ‘सिट’ करतोस. जर्मनीसाठी शुभेच्छा, लागलं की कळव.

प्रश्न : मी जालना जिल्ह्यात सहावी-सातवीला इंग्रजी शिकवतो. मोबाइलवर एका अमेरिकन शिक्षिकेचे व्हिडिओ मुलांना दाखवतो, त्यात ती ‘प्लीज पास आउट द वर्कशीट्स’ म्हणते. मुलांनी विचारलं सर वर्कशीट बेशुद्ध कशी होते. मी ‘वाटणे’ असा अर्थ सांगितला, पण मग नियम काय समजावू? – एक शिक्षक

उत्तर : सर, तुम्ही सांगितलेला अर्थ बरोबर आहे आणि मुलांचा प्रश्न तर फारच छान आहे, कारण तोच नियम आहे. वाक्यात कर्म आहे का ते बघायचं. बेशुद्ध होणं याला कर्म लागत नाही, ‘राजू पास्ड आउट’, वाक्य पूर्ण. वाटणं याला काय वाटायचं ते लागतंच, ‘राजू पास्ड आउट द वर्कशीट्स’. ‘आउट’च्या पुढे वस्तू आली की वाटप, काही नसेल किंवा नुसतं कारण, ठिकाण, वेळ असेल तर शुद्ध हरपली नाहीतर संस्थेतून बाहेर पडला, आणि त्या दोघांतला फरक मागच्या-पुढच्या शब्दांवरून.

वाटण्याच्या अर्थात हे क्रियापद सुटं होतं, हे फळ्यावर दाखवाच. ‘पास आउट द शीट्स’ आणि ‘पास द शीट्स आउट’ दोन्ही बरोबर. पण ‘शीट्स’च्या जागी ‘देम’ आलं की ते मध्येच बसलं पाहिजे, ‘पास देम आउट’. ‘पास आउट देम’ होत नाही. हा नियम ‘पिक अप’, ‘टर्न ऑफ’, ‘थ्रो अवे’ सगळ्यांना लागू पडतो, ‘टर्न इट ऑफ’ म्हणतो, ‘टर्न ऑफ इट’ नाही, त्यामुळे मुलांना एकदा हाताला लागला की खूप ठिकाणी उपयोगी पडेल. शिकवायला मी एक करेन, वर्गात खरोखरच कागद वाटायला लावीन. एक मुलगा म्हणेल ‘पास आउट द पेपर्स’, दुसरा ‘पास द पेपर्स आउट’, तिसरा कागदांकडे नुसता हात दाखवून ‘पास देम आउट’. हाताने केलेलं डोक्यात राहतं.

ब्रिटिश लोक वाटण्याला ‘गिव्ह आउट’ नाहीतर ‘हँड आउट’ जास्त म्हणतात. आपल्या मुलांना मी तरी ‘हँड आउट’ वापरायला शिकवेन, ते अमेरिकेतही चालतं आणि बेशुद्ध होण्याशी गल्लत होत नाही. ‘डिस्ट्रिब्यूट’ चूक नाही, पण सहावीच्या पोरांनी आपापसात ते म्हणणं म्हणजे घरात ‘वितरण कर’ असं म्हटल्यासारखं आहे.

प्रश्न : पास आउट, पास अवे कळलं. ‘पास अप’ म्हणजे काय? ऑफिसातला मेल, ‘डोन्ट पास अप धिस चान्स’. – एक वाचक, ठाणे

उत्तर : हातातली संधी सोडणं. ‘ही संधी सोडू नका’ असं तुमच्या मेलमध्ये म्हटलंय. मुद्दाम नाकारलेली गोष्ट असते, हुकलेली नाही, हुकली तर ‘मिस’.

प्रश्न : दरवेळी ब्रिटिश काय म्हणतात, अमेरिकन काय म्हणतात हेच का बघायचं? भारतात एवढी माणसं इंग्रजी बोलतात, आम्ही ‘पास आउट’ म्हणतो, सगळ्यांना कळतं. मग ते आमचं इंग्रजी, त्यांनी शिकून घ्यावं की. – एक निवृत्त प्राध्यापक, नागपूर

उत्तर : सर, तुमच्याशी मी बरीचशी सहमत आहे. भारतीय इंग्रजी ही खरी, जिवंत भाषा आहे. आपला ‘प्रीपोन’ इंग्रजी डिक्शनऱ्यांत गेला, तसा ‘पास आउट’चा आपला अर्थही तिकडे नोंदवला जातोय. आणि ‘पास आउट’ म्हटलं म्हणून मुलांना वर्गात किंवा ऑफिसात हसणाऱ्या माणसांचा मला राग येतो. ज्याला ते शब्द लष्करातून आलेत हे माहीत नसतं तोच जास्त हसतो. पहिल्या पिढीतलं पोरगं हिंमत करून इंग्रजीत दोन वाक्यं बोलतं आणि आपण त्याचं तोंड बंद करतो, यासारखा दुष्टपणा नाही.

पण वरच्या नर्सताईंना मी ‘तुमच्या सिस्टरने आपलं इंग्रजी शिकावं’ असं सांगू शकत नाही, कारण पेशंट तिथला आहे आणि रात्री तीन वाजता गैरसमज परवडत नाही. आपण पुण्यात एक बोलतो, गावी गेलो की दुसरं बोलतो, सासरी तिसरं, आणि त्यात कुठलंच खोटं नसतं. इंग्रजीतही तसे दोन्ही अर्थ जवळ ठेवावेत आणि समोर कोण आहे ते बघून बोलावं, एवढंच माझं म्हणणं आहे. आपला अर्थ टाकून द्या असं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

प्रश्न : ‘पास्ड’ म्हणायचं की ‘पास्ट’? मुलगी म्हणते ‘पास्ट’, मला वाटतं तो तर भूतकाळ. आणि जोर कशावर द्यायचा? – एक आई, रत्नागिरी

उत्तर : मुलगी बरोबर आहे. लिहिताना पी-ए-एस-एस-ई-डी, बोलताना ‘पास्ट’, आणि भूतकाळवाल्या ‘पास्ट’चा उच्चार अगदी तोच आहे, त्यामुळे कानाने फरक कळत नाही, फक्त स्पेलिंगमध्ये जपायचं. अमेरिकन ‘पॅस्ट’ म्हणतात. शेवटी ‘स’चा आवाज असला की पुढचा ‘ईडी’ हा ‘ट’ होतो, ‘मिस्ड’चा ‘मिस्ट’, ‘किस्ड’चा ‘किस्ट’, ‘क्रॉस्ड’चा ‘क्रॉस्ट’. पुढे ‘आउट’ आला की तो ‘ट’ त्याला चिकटतो आणि ऐकू येतं ‘पास-टाउट’, म्हणूनच सिनेमात ते पटकन ओळखू येत नाही. जोर ‘आउट’वर द्यायचा, ‘शी पास्ट आउट’. ‘पासआउट’ हे आपलं नाम म्हणून बोललात, ‘२०२५ पासआउट’, तर जोर आपोआप ‘पास’वर येतो, तसाच येऊ द्या. मुलीला आरशासमोर नको, कुणाशी तरी बोलताना सराव करायला सांगा, म्हणजे तो ‘ट’ आपोआप चिकटायला लागेल.